पंगतीतली शेवटची ओळ

वारंगा फाट्यावर नाव कमवायला फार काही लागत नाही. एखाद्याचा वडा बरा लागला, एखाद्यानं पंक्चर नीट काढलं, की ट्रकवाले त्याचं नाव नांदेडपासून हिंगोलीपर्यंत आपणहून पोचवतात. विश्वंभरचं नाव मात्र फाट्याच्या पलीकडं कधी गेलं नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. म्हणजे समोरच्या भारतचं नाव गाजायला लागेपर्यंत वाटत नव्हतं.

दोघांची दुकानं रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. विश्वंभरचं लग्नपत्रिका आणि बॅनरचं, भारतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. शाळेत एका बाकावर बसलेले हे दोघे. सकाळचा चहा इकडं, संध्याकाळचा तिकडं, आणि मधून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजात एकमेकांना ओरडून शिव्या द्यायच्या, असं त्यांचं वर्षानुवर्षं बरं चाललं होतं.

आता आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्यानं पाहिली नाही, त्याला पुढचं कळायचं नाही. इथं नवरा-नवरीची नावं मधोमध अंग चोरून बसलेली असतात. बाकी सगळा कागद भावकीचा. आजोबा, चुलते, चुलत चुलते, सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, व्याही, जावई, आणि सगळ्यांत खाली मामा मंडळी. यातलं एक नाव सुटलं तर तो माणूस मांडवात येतो, पण जेवत नाही. तो जेवला नाही की त्याचे भाऊबंद जेवत नाहीत. मग नवरीचा बाप हात जोडत फिरतो आणि भात निवून जातो.

ही नावं लोक मोबाइलवर पाठवतात. पत्रिका बनते ती विकतच्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये, आणि त्यातले मराठी फॉन्ट असतात कंपनीचे, जुन्या पद्धतीचे. मोबाइलवरचं नाव तिथं नेऊन चिकटवलं की त्याचे तुकडे पडतात. चुलत्याचा काना आजोबाला लागतो. म्हणून प्रत्येक दुकानदार सगळी नावं पुन्हा हातानं बडवत बसायचा. विश्वंभर या बडवण्याला कंटाळला आणि पुस्तकं चाळत, व्हिडिओ बघत त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोबाइलवरची नावं घ्यायची, जुन्या फॉन्टमध्ये फिरवायची, आणि विकतच्या प्रोग्रामच्या चौकटीत ओळीनं बसवायची. माणसं जास्त झाली तर अक्षर बारीक करायचं, पण उठवायचं कुणाला नाही. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘पंगत’. विकतच्या प्रोग्रामच्या मांडीवर बसूनच ती चालायची. तो नसला तर पंगतीला पाटच नाही.

ही पंगत खरोखर झकास होती. एकच खोड होती. ती फक्त विश्वंभरच्या कॉम्प्युटरवर चालायची. फॉन्ट कुठं ठेवलेत, प्रोग्राम कितव्या आवृत्तीचा आहे, हे सगळं त्यानं आपल्याच मशीनचं बघून आत लिहून टाकलं होतं. कुणी पेन ड्राइव्हवर घेऊन गेलं आणि चाललं नाही म्हणून परत आलं, की हा गडी खांदे उडवायचा. “माझ्याकडं तर चालून राहिलं की.”

भारतनं ते पाहिलं आणि म्हणाला, “गड्या, हे फुकट देऊन टाकू. कुणीबी वापरावं, कुणीबी उघडून बघावं, सुधारावं. करणाऱ्याचं नाव पुसायचं न्हाई, एवढीच अट. नांदेडला शिकताना आमी असंच करायचो. तू लिव्हलंस, मी ते नीट बांधून देतो.”

विश्वंभर त्या दिवशी खुशीत होता. “दे बांधून,” म्हणाला.

आणि भारतनं बांधलं. बांधणं म्हणजे काय, तर कुणाच्याही मशीनवर दोनदा टिचकी मारली की पंगत आपली आपण बसावी. तिथला विकतचा प्रोग्राम जुना का नवा, हे तिनं स्वतः ओळखावं. दुकानदारानं घेतलेले फॉन्ट कुठं आहेत ते तिनं शोधावं, पण बरोबर घेऊन फिरू नये, कारण ते आपले नाहीत. विश्वंभरनं तर म्हटलं होतं, “फॉन्टबी घाल की सोबत, कोण बघायला येतंय?” भारतनं कानाला हात लावले. “फुकट द्यायचं ते आपलं द्यायचं. दुसऱ्याच्या मळ्यातला ऊस वाटून कोणी दानशूर व्हतंय का?” पंगत काढून टाकली तर विकतच्या प्रोग्रामला ओरखडाही राहू नये, हेसुद्धा त्यानं पाहिलं. या कामात त्याचा अख्खा उन्हाळा गेला. विश्वंभरला मात्र वाटायचं, एवढं काय, नुसतं गाठोडं तर बांधायचंय.

बसवताना पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ‘रचना विश्वंभर, बांधणी भारत, वारंगा फाटा.’ रचना आधी, बांधणी नंतर. भारतनंच तसं ठेवलं होतं. पण ते पान वाचतो कोण? लोक ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत जातात. वाचतात ते शेवटचं पान, अडचण आल्यावर. तिथं फोन नंबर होता भारतचा. विश्वंभरनंच सांगितलं होतं, “माझा नको बाबा, लोकं जेवू देत न्हाईत.”

झालं. परभणी, वाशिम, लातूर, जिकडं तिकडं पंगत बसली, आणि फोन भारतला येऊ लागले. ज्याच्या हाती ससा तो पारधी. वर्षाच्या आत तिचं नाव पडलं ‘भारतभाऊची पंगत’.

एकदा वाशिमकडचा एक पत्रिकावाला थेट विश्वंभरच्याच दुकानात शिरला. “भारतभाऊ कुठं बसतेत? लई तकलीफ वाचवली त्या माणसानं. एकदा पाया पडून जावं म्हणलं.”

विश्वंभरनं रस्त्यापलीकडं बोट केलं. “जरा जोरात हाक मारा. आजकाल त्यांना कमी ऐकू येतं,” म्हणाला. तो भला माणूस खरंच जोरात ओरडला. विश्वंभरनं मॉनिटरमागं तोंड लपवलं, पण कान लपवता येईनात. पलीकडून येणारं हसणं, “बसा बसा,” “चहा सांगतो,” सगळं त्याला ऐकू येत राहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत राहिला. पाया पडायचे तर इकडं पड ना! अक्षर न् अक्षर या बोटांनी लिहिलंय. आचारी चुलीपाशी डोळे फोडून घेतो, आणि लोक ओळखतात वाढप्याला.

मग हिंगोलीला एका मंगल कार्यालयात जिल्ह्यातल्या पत्रिका-बॅनरवाल्यांचा मेळावा झाला. बोलावणं दोघांना होतं. विश्वंभर गेला नाही. दुपारी मोबाइलवर फोटो आला: भारतच्या अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर ते त्याचं नेहमीचं अवघडलेलं हसू.

“तुमी काहून न्हाई गेले?” त्याच्या बायकोनं, नितानं विचारलं.

“डोकं दुखत होतं.”

“डोकं का पोट?” निता म्हणाली आणि हसत आत गेली. विश्वंभरला ते झोंबलं, कारण खरं होतं.

संध्याकाळी कुणीतरी सांगितलं, “भारतनं माइकवर तुमचंबी नाव घेतलं बरं का. तुमी लई मदत केली म्हणाला.” मदत! विश्वंभरला रात्रभर तो एकच शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागत राहिला. भारत नेमकं काय म्हणाला, हे त्यानं भारतला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित वेगळंच निघालं असतं, आणि मग जळायला काही उरलं नसतं.

लग्नसराईच्या तोंडाशी विकतच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि पंगत अडकली. भारत रस्ता ओलांडून आला. “गड्या, आतलं तुलाच ठावं. तू दुरुस्त कर, मी बांधून लगेच वाटतो. लोकं खोळंबलेत.”

विश्वंभरनं दुरुस्त केलं. मग तपासायला म्हणून त्यानं आपल्या अख्ख्या गावाची नावं चौकटीत ओतली. नावं बसली. पण खालची ओळ दिसेना. पूर्वी जागा कमी पडली तर अक्षर बारीक व्हायचं. नव्या आवृत्तीत तसं न होता शेवटची ओळ गुपचूप चौकटीखाली लपत होती. कडेला एक लालसर खूण तेवढी येत होती, तीही मुंगीएवढी. इलाज अवघड नव्हता. बसून केलं असतं तर चहा निवायच्या आत झालं असतं.

तो इलाज लिहायला त्यानं बोटं ठेवली, आणि पलीकडून भारतचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “व्हय व्हय, आपलीच पंगत हाय. येऊन राहिली नवी, दम धरा.”

आपलीच. विश्वंभरची बोटं तिथंच थांबली. त्याच्या मनात आलं ते काही सुंदर नव्हतं. लपली ओळ तर लपू दे. रुसू दे दोन-चार गावं. भारतचा फोन कौतुकानं तापतो ना, जरा शिव्यांनी तापू दे. मग लोक विचारतील, हे नीट कुणाला करता येतं? तेव्हा आपण हळूच पुढं होऊ. त्यानं आहे तसं भारतला पाठवून दिलं.

“बराबर तपासलंस ना?” भारतनं विचारलं.

“व्हय. चालून राहिलं.”

“तू म्हणतो म्हणजे झालं.” भारतनं आपल्या दुकानाच्या उद्‌घाटनाची जुनी पत्रिका टाकून पाहिली. त्यात मोजकीच नावं. ती छान बसली. त्यानं बांधलं आणि वाटलं.

मग विश्वंभर वाट बघू लागला. पलीकडचा फोन वाजला की कान टवकारायचा. पण पत्रिका छापून गावोगाव पोचायला वेळ लागतो. फोनवर अजून धन्यवादच येत होते, आणि हा इकडं चिडून आपलाच माउस आपटत होता.

अशात एका दुपारी त्याची धाकटी बहीण शिला एस.टी.तून उतरली. शिला साखऱ्याला दिलेली. तिच्या लेकीचं, दिपाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका आपल्याकडं छापू, असं विश्वंभरनं म्हटलं होतं. पण शिलाचे मालक, म्हणजे यजमान, संतराम मानी गडी. “मामानं आहेर घेऊन यावं, काम घेऊन न्हाई,” म्हणाले, आणि सेनगावला संतोष नावाच्या ओळखीच्या दुकानदाराकडून छापून घेतल्या. पहिली पत्रिका नरसीला नामदेवांच्या पायाशी ठेवायची आणि दुसरी मामाला द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून शिला पिशवीत नारळ, टॉवेल-टोपी आणि कुंकवाची पुडी घेऊन आली होती.

“दादा, ही तुझी, आधीच काढून ठेवलेली. बाकीच्या सकाळीच वाटायला गेल्या,” तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पत्रिका हातात दिली.

पत्रिका हातात आली की माणूस आधी आपलं नाव शोधतो. विश्वंभरही खालच्या ओळीकडं गेला. भावकी संपत होती आणि लगेच सोनेरी काठ सुरू होत होता. मधे मामा मंडळी नव्हती. त्याला एका क्षणात सगळं कळलं. त्यानं पत्रिका उलटी करून काउंटरवर ठेवली.

नितानं ती उचलली. तिनंही खालीच पाहिलं. “शिलाताई, मामाचं नाव कुठं हाय?”

“असं कसं? असंल की.” शिलानं पत्रिका ओढून घेतली, एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि मटकन खुर्चीत बसली. “मी माझ्या हातानं लिवून पाठवलं होतं. आमच्या मालकांनी तपासलं म्हणले.”

तपासलं होतंच. त्यांनी आपल्या भावकीची नावं तपासली होती. मामाचं नाव ज्यानं शोधलं असतं, तो मामा तिथं नव्हता.

“आता गाव काय म्हणंल? मामाशी वाकडं आलं म्हणतेल. व्याही इचारतेल, भाऊ रुसला का बहिणीवर?” शिलाला रडू आवरेना. तिनं तिथूनच संतोषला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

“ताई, मी सगळी नावं टाकली वो,” संतोष काकुळतीला आला. “थांबा, बघून राहिलो… अरे बापरे. ओळ चौकटीखाली लपलीय. भारतभाऊच्या नव्या पंगतीनं खाल्ली ताई, माझी काई चूक न्हाई.”

“कोण भारत? समोरचा?” शिला उठली. उंबऱ्यात उभी राहून तिनं अशी हाक मारली की वड्याच्या गाड्यावरची माणसं वळून बघू लागली.

भारत हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आला. शिलानं पत्रिका त्याच्यासमोर नाचवली आणि जे तोंडात येईल ते बोलली. फुकटचं म्हणून लोकांच्या गळ्यात मारता, लेकराच्या लग्नात माती कालवता, माझ्या भावाचं नाव खाल्लं, तुमचं वाटोळं होवो. भारतनं पत्रिका पाहिली, संतोषशी फोनवर दोन वाक्यं बोलला, आणि हात जोडले.

“ताई, चूक माझी हाय. मी बांधलं, मी वाटलं. मोठ्या यादीवर तपासायला पायजे होतं, न्हाई तपासलं. नव्या पत्रिका मी छापून देतो, घरोघरी मी सोता नेऊन देतो.”

“तुमी माझ्या मांडवात पाय ठेवू नका!” शिला म्हणाली.

हेच तर हवं होतं विश्वंभरला. भर फाट्यावर भारतला शिव्या बसत होत्या. पण ते गोड लागेना. भारतनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. आतलं लिखाण याचं आहे, याला विचारा, एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. तो म्हणाला नाही. आणि विश्वंभरला जळायला तेवढंही पुरलं. नाव घेतलं ते घेतलं, आता दोषही हाच उचलून नेतो! किती सहज हात जोडले यानं. आपल्याला हे जमलं नसतं.

शिलानं डोळे पुसले, पिशवीतून नारळ काढला आणि भावापुढं वाकली. “दादा, रुसू नको. कागदावर न्हाई तर न्हाई, माझ्या मनात पैलं नाव तुझंच हाय. तू न्हाई आला तर अंतरपाटाला माझ्या दिपाच्या पाठीशी कोण हुबं ऱ्हाईल?”

नारळ त्याच्या हातांपर्यंत आला. त्याला तो घेववेना.

“शिला, थांब,” तो म्हणाला. “पंगत भारतची न्हाई. माझी हाय. मी बनवली. ती ओळ लपते हे मला आधीच ठावं होतं. मी बोललो न्हाई.”

शिला त्याच्याकडं बघत राहिली. मग रडता रडता चक्क हसली. “वहिनी, बघा माझा दादा. दोस्ताला वाचवायला कसं खोटं बोलून राहिला! अरे, अख्खा जिल्हा म्हणतो भारतभाऊची पंगत. तुला कवा येत होतं रे असलं? लई मोठं मन तुझं.”

सख्खी बहीण. तिलाही खरं वाटेना. विश्वंभरनं निताकडं पाहिलं. निता जमिनीकडं बघत होती. तिला खरं वाटलं होतं.

भारतलाही. त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवला. “तुला ठावं होतं?” त्यानं हळू विचारलं.

“व्हय.”

“मी इचारलं तवा?”

“तवाबी.”

भारतनं पत्रिका काउंटरवर नीट सरळ ठेवली. “ताई,” तो म्हणाला, “खरं बोलून राहिला तो. पंगत त्याचीच हाय, पैल्या अक्षरापासून. मी नुसती बांधून दिली. मी सगळीकडं तेच सांगत आलो, मेळाव्यातबी तेच सांगितलं. लोकं ऐकत न्हाईत.”

हे वाक्य ऐकायला विश्वंभर वर्षभर झुरला होता. मनातल्या मनात त्यानं ते किती वेळा ऐकलं होतं: मंगल कार्यालय, माइक, पुढं बसलेले सगळे दुकानदार. आता ते त्याच्याच दुकानात, त्याच्या बहिणीसमोर, बायकोसमोर बोललं गेलं. कुठं तोंड लपवावं हे त्याला कळेना.

शिलाचा चेहरा हळूहळू उतरला. वाकलेली ती सरळ झाली. टॉवेल-टोपी अजून पिशवीतच होती. पिशवीचं तोंड तिनं वळून बंद केलं.

“म्हंजी तुझं नाव तूच खाल्लंस,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मग रुसवा मी कुणाचा काढू?”

ती भारतकडं वळली. “भाऊ, मी तुमाला नको नको ते बोलले. मनात धरू नका. लग्नाला या, पैल्या पंगतीला बसा.” भारत “नको ताई, नको” म्हणत मागं सरत होता, पण शिलानं मामाचा नारळ त्याच्या हातात दाबलाच. मग उंबऱ्याशी गेल्यावर तिनं मान न वळवता भावाला म्हटलं, “तूबी ये. मामा हायस, यावंच लागंल.”

भारत नारळ घेऊन रस्ता ओलांडून गेला. निता नणंदेला एस.टी.पर्यंत पोचवायला गेली. विश्वंभरनं कॉम्प्युटर पुढं ओढला आणि लपलेल्या ओळीचा इलाज लिहायला घेतला. हात काम करत होते. नजर मात्र सारखी पलीकडं जात होती, भारतच्या टेबलावरच्या नारळाकडं. आणि एवढं सगळं झाल्यावरही, खोटं कशाला बोला, त्याच्या पोटात दुखतच होतं.